मुळाक्षरांची चटई

सुनीताबाई कर्णिक शाळेतून निवृत्त झाल्या ते साल दोन हजार दहा. निरोपसमारंभात मिळालेली शाल अजून घडी न मोडता कपाटात पडली होती, तेवढ्यात एका सकाळी त्यांनी घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या प्लास्टिकच्या पिशव्या साबणाच्या पाण्यात बुडवल्या, खंगाळल्या आणि गॅलरीतल्या दोरीवर चिमटे लावून वाळत घातल्या. अवधूतराव चहाचा कप घेऊन बाहेर आले तर समोर लाल, निळ्या, पिवळ्या पिशव्या फडफडताहेत. टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं काढलेला हा माणूस घाईघाईनं काही विचारणारा नव्हता. त्यांनी आधी चहा संपवला, मग विचारलं. बाईंनी सांगितलं, चटई विणणार आहे.

बाईंचा विषय विज्ञान. दरवर्षी सातवीच्या वर्गाकडून त्या एक प्रयोग करून घ्यायच्या. तीन कुंड्यांत माती भरायची. एकीत केळ्याचं साल, दुसरीत वर्तमानपत्राचा कागद आणि तिसरीत प्लास्टिकची पिशवी पुरायची. दिवाळीच्या सुट्टीनंतर उकरून बघायचं. साल नाहीसं झालेलं असायचं, कागदाचा लगदा झालेला असायचा आणि पिशवी जशीच्या तशी निघायची. ही पिशवी तुमच्या पणतवंडांना सापडेल, असं त्या मुलांना सांगत. दोन हजार पाचच्या पुरात टपाल नाक्याजवळच्या त्यांच्या गल्लीत कंबरभर पाणी साचलं होतं. पाणी ओसरल्यावर गटाराच्या जाळीवर पिशव्यांचा हातभर जाड थर निघाला. तेव्हापासून पिशवी टाकून द्यायला त्यांचा हात होईना. पलंगाच्या पेटीत, सिलिंडरच्या मागे, माळ्यावर पिशव्या साठत गेल्या. निवृत्तीनंतर हाताला काम हवं होतं, माल घरातच होता, आणि क्रोशा त्यांना लहानपणी आईनं शिकवला होता.

चटई कुणासाठी, हेही ठरलेलं होतं. गाढी नदीच्या पलीकडच्या आगरी वस्तीत वेणू अंगणवाडी चालवायची. वेणू ही त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. भाजीबाजारात एकदा भेटली तेव्हा बोलता बोलता तिनं सांगितलं होतं, की अंगणवाडीतली सतरंजी उंदरांनी खाल्ली आणि पोरं थंडीत नुसत्या फरशीवर बसतात. बाईंनी तिथल्या तिथे शब्द दिला, मी देते करून. वेणू "बरं बाई" म्हणाली. शाळेतही ती एवढंच बोलायची.

साधी चटई करणं बाईंच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी चौकटीच्या वहीत आराखडा काढला. सव्वा फुटाचा एक चौकोन, असे अठ्ठेचाळीस. बारा स्वर आणि छत्तीस व्यंजनं, प्रत्येक चौकोनात एक अक्षर. आठ आडवे, सहा उभे. म्हणजे चटई दहा फूट लांब आणि साडेसात फूट रुंद होणार, वर कडेनं दुधाच्या पिशव्यांची निळी-पांढरी किनार. मुलं अ वर बसतील, ज वर बसतील, येता-जाता अक्षरं पायाखालून जातील. हा आराखडा त्यांनी अवधूतरावांना दाखवला तेव्हा बाईंचा चेहरा शाळेतल्या पहिल्या दिवसासारखा झाला होता. अवधूतरावांनी बांबूची कामटी तासून, काचकागदानं घासून बोटाएवढी जाड क्रोशाची सुई करून दिली. बाजारातल्या सुया प्लास्टिकला पुरणाऱ्या नव्हत्या.

मग ते काम घरात शिरलं आणि अडीच वर्षं राहिलं. पिशवी धुवायची, वाळवायची, घडी घालून बोटभर रुंदीच्या कड्या कापायच्या, कडीत कडी अडकवून लांब पट्टी करायची, पट्टीचा गुंडा करायचा. त्यानंतर कुठे क्रोशाचे साखळी आणि खांबाचे टाके. एका चौकोनाला पंचेचाळीस-पन्नास पिशव्या लागत. प्लास्टिक लोकरीसारखं सुळकन सरकत नाही, सुईला चिकटून राहतं, ओढताना कर्रकर्र वाजतं. पावसाळ्यात ओल्या हातानं तर जास्तच. पहिल्या वर्षात बाईंच्या उजव्या अंगठ्याला भेगा पडल्या. त्यांनी अंगठ्याला चिकटपट्टी गुंडाळली आणि विणत राहिल्या. इ आणि ई सारखेच दिसायला लागले म्हणून ई दोनदा उसवला. ळ ला तर पंधरा दिवस लागले.

बिल्डिंगमधल्या बायकांनाही त्यांनी कामाला लावलं. सुरुवातीला लोक पिशव्या तशाच आणून देत, आत कोथिंबिरीची देठं, मासळीचा वास. बाईंनी जिन्यात कागद चिकटवला: पिशव्या धुऊन, वाळवूनच द्याव्यात. पहिल्या मजल्यावरची फरहा सगळ्यांत नियमानं द्यायची. तिचा नवरा अबरार याचं मिरची गल्लीत पॅकिंगच्या सामानाचं दुकान होतं. खोकी, सुतळी, चिकटपट्ट्या आणि पिशव्या. पिशव्या विकणाऱ्या माणसाविषयी बाईंचं मत काय असणार हे उघड होतं आणि त्यांनी ते अबरारभाईंना जिन्यात उभं करून दोन-तीनदा ऐकवलंही होतं. तो हसून ऐकून घ्यायचा. पण अक्षरांसाठी एकसारखा लाल रंग मिळेना, तेव्हा बाईंना त्याच्याकडेच जावं लागलं. छपाई चुकलेल्या लाल पिशव्यांचे चार गठ्ठे त्यानं असेच देऊन टाकले. कोऱ्या पिशव्या घ्याव्यात का, यावर बाईंनी दोन दिवस विचार केला. नाहीतरी या फेकल्याच जाणार, असं म्हणून त्यांनी घेतल्या. अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस अक्षरं त्या लाल रंगात झाली.

दोन हजार बाराच्या डिसेंबरात शेवटचा ज्ञ जोडून झाला. हॉलमधलं सगळं फर्निचर आतल्या खोलीत सारून चटई पसरली, तर ती सपाट बसेना. दुधाच्या पिशवीचे टाके घट्ट, भाजीच्या पातळ पिशवीचे सैल. काही चौकोन मधोमध फुगले, काहींचे कोपरे वर आले. बाईंनी वर उभं राहून पायानं दाबून बघितलं. त्यांना ते दिसलं होतं. वापरात आली की बसेल, असं त्या म्हणाल्या, आणि अवधूतरावांनी मान हलवली.

जानेवारीत टेम्पोनं चटई अंगणवाडीत पोचवली. वेणूनं दाराशी रांगोळी काढली होती, नारळ फोडला. एका स्थानिक दैनिकाचा वार्ताहर आला. त्यानं बाईंना चटईच्या मधोमध बसवून भोवती पोरं गोळा केली आणि फोटो काढला. 'टाकाऊतून टिकाऊ: निवृत्त शिक्षिकेचा उपक्रम' अशा मथळ्याखाली तो तिसऱ्या पानावर आला. पोरं चटईवर घसरून पडत होती आणि मुद्दाम पुन्हा घसरत होती. वेणू त्यांना दटावत होती. बाई म्हणाल्या, खेळू दे. त्या दिवशी रात्री त्या जेवताना एकदम गप्प होत्या. अवधूतरावांनी विचारलं तेव्हा म्हणाल्या, काही नाही, उद्या सकाळी उठून काय करायचं ते सुचत नाहीये.

पुढचे तीन महिने त्या दर दोन-तीन आठवड्यांनी अंगणवाडीत जाऊन आल्या. आदल्या दिवशी वेणूला फोन करायच्या, जाताना पोरांसाठी चिक्की नाहीतर केळी न्यायच्या. चटई अंथरलेली असायची, पोरं ओळीनं बसलेली असायची. बाई एकेकाला विचारायच्या, तू कुठल्या अक्षरावर बसलास. पोरं खाली बघून सांगायची, कधी बरोबर, कधी चूक. मार्चमध्ये त्यांना वाटलं, चटई थोडी लहान दिसतेय. एक कड आत दुमडली होती. वेणू म्हणाली, खोली लहान पडते म्हणून दुमडली. बाईंनी त्यावर पुढे विचार केला नाही.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात त्या नदीपलीकडे एका जुन्या सहकारी बाईंच्या घरी वास्तुशांतीला गेल्या होत्या. कार्यक्रम लवकर आटोपला. रिक्षा अंगणवाडीवरूनच येणार होती, म्हणून त्यांनी मध्येच थांबवली. साडेदहा वाजले असतील. दार उघडं होतं.

आत पोरं बसली होती, पण चटईवर नाही. कुणातरी पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा एक मोठा फ्लेक्स जमिनीवर उलटा अंथरला होता. पांढरी बाजू वर, अगदी सपाट, एक सुरकुती नाही. पोरं त्यावर मांडी घालून खिचडी खात होती. सांडलेली खिचडी मदतनीस बाई फडक्यानं एका फटक्यात पुसून घेत होती. वेणू मागच्या बाजूला पाणी भरत होती.

बाईंनी चटई शोधली. तांदळाच्या गोणींच्या मागे भिंतीला टेकवून ठेवलेली वळकटी त्यांना दिसली. त्यांनी गोण जरा सरकवली आणि वळकटीची किनार सोडून आतला भाग हातात धरून ओढला. तो हातातच आला. लाल रंगाच्या बारीक बारीक कपच्या, वाळलेल्या फुलाच्या पाकळ्यांसारख्या, त्यांच्या चांगल्या साडीवर पडल्या. त्यांनी आणखी थोडी उलगडली. जी बाजू दारातल्या उन्हाकडे असायची तिथली अक्षरं उरलीच नव्हती; अक्षराच्या जागी भोकं होती आणि भोकांच्या कडेला सैल सुटलेले टाके. ग गेला होता. घ ची नुसती शेपटी होती. बोटानं दाबलं की पापडासारखा चुरा होत होता. प्लास्टिक असं होतं हे त्यांनी आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. क्षणभर त्यांना वाटलं, उंदीर असतील. पण उंदीर असा चुरा करत नाहीत, हे त्यांनाही कळत होतं.

वेणू कळशी घेऊन आत आली आणि दाराशीच थबकली. कळशी तिनं हळूच खाली ठेवली.

"बाई, तुमी फोन नाय केला," ती म्हणाली.

कधीपासून असं झालंय, बाईंनी विचारलं. वेणूनं आधी मदतनीस बाईला पोरांना बाहेर हात धुवायला न्यायला सांगितलं. पोरं गेल्यावर ती बोलली. फेब्रुवारीपासूनच सुरू झालं होतं. आधी अक्षरांच्या कडेचे धागे सुटले, मग लाल कपच्या पोरांच्या चड्ड्यांना, केसांना चिकटायला लागल्या. एकदा सहा महिन्यांच्या बाळाला घेऊन एक आई वजनाला आली होती. बाळ चटईवर ठेवलं तर त्यानं मूठभर चुरा तोंडात घातला. घशातून बोटानं काढावा लागला. त्या दिवसापासून वेणूनं चटई गुंडाळून ठेवली.

"पण मी आले तेव्हा अंथरलेली होती."

"तुमचा फोन आला का आदल्या दिवशी काढायची. झाडायची, तुटलेलं खाली दुमडायचं, पोरांना सांगायचं का हात नाय लावायचा, हलायचं नाय. तुमी गेल्या का परत गुंडाळायची. मग झाडू मारायचा, दोन वेळा."

"आणि मला सांगावंसं नाही वाटलं तुला?"

सुनीताबाईंचा आवाज चढला नव्हता, पण तो वर्गातला आवाज होता. त्यांनी पुन्हा विचारलं, मला इतकी घाबरतेस का तू अजून, चाळिशीला आलीस.

"भीतीनं नाय, बाई," वेणू म्हणाली. ती पदराला हात पुसत होती, हात कोरडे झाले तरी पुसत होती. "सातवीला मी तुमाला पानांची वही दिली होती. बत्तीस झाडांची पानं. आमच्या वाडीची, खाडीकडची, शेताच्या बांधावरची. पावसाळाभर गोळा केली होती. भाताच्या पेजेनं चिकटवली होती, आमच्याकडं डिंक नव्हता. तुमी वर्गासमोर उघडली आणि म्हणाल्या, हे काय, सगळ्या पानांना बुरशी लागली, वास येतोय, उचल आणि बाहेर ठेव."

बाईंनी आठवायचा प्रयत्न केला. दरवर्षी साठ वह्या. बुरशी लागलेल्या कितीतरी असतील. त्यांना ना ती वही आठवली, ना तो दिवस.

"मला आठवत नाही गं," त्या म्हणाल्या.

"तुमाला कशाला आठवेल. आणि तुमी खरंच सांगितलं होतं, बुरशी लागलीच होती. पण मी नंतर घरी जाऊन कसली रडले, ते मला ठाऊक हाय. आपण केलेल्याला कुणी तसं म्हटलं का काय होतं, ते मला ठाऊक हाय. म्हणून नाय सांगितलं."

बाहेर हातपंपावर पोरांचा गलका चालला होता. सुनीताबाई गोणीवर टेकल्या. रडू येईल असं त्यांना वाटलं, पण आलं नाही. अडीच वर्षांच्या कामाचं वाईट वाटत होतंच. पण त्याहून, ही बाई दर खेपेला वाकून, दोनदा झाडू मारून आपल्यासाठी सगळी मांडामांड करत होती आणि आपण केळी वाटत अक्षरं विचारत बसलो होतो, याची लाज जास्त वाटत होती. काहीतरी बोलायला हवं होतं. चुकलंच माझं तेव्हा, असं त्या शेवटी म्हणाल्या. वेणूनं 'असू दे' म्हटलं आणि त्यांना पाणी दिलं. मग दोघींनी मिळून चटई जुन्या चादरीत बांधली आणि रिक्षेत घातली. पुलावर वारा होता. चादरीच्या फटीतून लाल कपच्या उडून मागे जात राहिल्या.

घरी आल्यावर त्यांनी अवधूतरावांना सगळं सांगितलं, पानांच्या वहीसकट. मग त्या गठ्ठा तसाच जिन्यात ठेवून मिरची गल्लीत गेल्या. अबरारभाईच्या दुकानात दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. बाईंनी मूठ उघडून चुरा काउंटरवर ठेवला आणि विचारलं, हे असं का झालं. तुमच्याच पिशव्या आहेत.

अबरारनं चुरा बोटानं चोळून बघितला. या पिशव्या मुळातच दोन-तीनदा वितळवलेल्या मालाच्या असतात, त्यानं सांगितलं. स्वस्त पडावी म्हणून त्यात खडूसारखी पावडर मिसळतात. नवी असते तोवर दिसायला छान असते. उन्हात पडली की सहा-आठ महिन्यांत जाते. दुधाची पिशवी वेगळी, तिचा माल चांगला असतो. तिला काही झालं नसेल. बाईंनी आठवून बघितलं. खरंच, किनार धड होती. गॅलरीतल्या उजेडात बसून विणलेल्या त्या लाल पट्ट्या चटई पुरी व्हायच्या आधीपासूनच आतून मरत होत्या.

हे आधी का नाही सांगितलंत, असं बाईंनी विचारलं. दुसऱ्यांदा त्या दिवशी.

"ताई, खुदा की कसम, माझ्या डोक्यातच आलं नाही," अबरार म्हणाला. "आमच्या धंद्यात पिशवी दुकानापासून घरापर्यंत टिकली की झालं. ती पुढे कुणी तीन वर्षं टिकवायला बघेल असं कुणाच्या मनात येतं? आणि तुम्हीच तर मला जिन्यात सांगायचात, हे कधी मरत नाही. तुम्ही टीचर. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, तेच बाईंना लागलं. त्यानं थंड मागवलं, बाईंनी अर्धं प्यायलं. निघताना तो म्हणाला, की हा चुरा मातीत किंवा नाल्यात टाकू नका, तो दिसेनासा होतो पण जात कुठे नाही. बाई म्हणाल्या, तेवढं मला माहीत आहे.

एवढा मोठा गठ्ठा घंटागाडीवाले घेईनात. लहान करून द्या, असं म्हणाले. मग तीन दिवस सकाळी बाई आणि अवधूतराव हॉलमध्ये जुनी चादर पसरून चटई कापत बसले. अवधूतराव धरायचे, बाई कात्री चालवायच्या. अ, आ, इ असं ओळीनं न जाता त्या मिळेल तिथून कापत होत्या. ळ आतल्या बाजूला होता म्हणून बराचसा शाबूत निघाला होता. त्यावर कात्री थांबली. हा ठेवायचा का, अवधूतरावांनी विचारलं. बाईंनी तो हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिला. विणकाम नीटस झालं होतं, तेवढं त्यांनी मनात कबूल केलं आणि मधोमध कापला. दुधाच्या पिशव्यांची किनार तेवढी वेगळी काढून भंगारवाल्याला दिली. अवधूतरावांनी एकदा सुचवून बघितलं, की आता फक्त दुधाच्या पिशव्यांची करता येईल, लहानशी. बाई म्हणाल्या, नको, आता मला त्याचा आवाजही नको. अवधूतरावांनी तो विषय पुन्हा काढला नाही. बांबूची सुई बाईंनी खिडकीतल्या मनीप्लांटला आधाराला खोचून टाकली.

बिल्डिंगमध्ये सांगणं बाईंना सगळ्यांत अवघड वाटत होतं. वर्तमानपत्राचं कात्रण दोघी-तिघींनी जपून ठेवलं होतं. पण त्यांनी एक संध्याकाळ धरली आणि दारोदार जाऊन सांगितलं, की चटई टिकली नाही, माझा अंदाज चुकला, आता पिशव्या देऊ नका. कुणालाच फारसं काही वाटलं नाही. एकीनं विचारलं, कुठली चटई. फरहानं मात्र त्यांना आत बसवलं, चहा केला, आणि अबरारला या पिशव्यांवरून आपण चांगलंच सुनावलं असं सांगितलं. सुनावू नकोस गं, बाई म्हणाल्या, चूक त्याची नाही. फरहाला सवय लागली होती. पुढेही महिनाभर ती पिशव्या धुऊन वाळत घालायची आणि मग आठवलं की चिडून डब्यात टाकायची.

मे महिना असाच गेला. बाईंनी सकाळचं फिरणं वाढवलं, कपाटं आवरली. अंगणवाडीकडे जायचं धाडस होत नव्हतं. हातात काही न घेता तिथे कसं जायचं ते त्यांना कळत नव्हतं, आणि काही घेऊन जायचा धीर आता उरला नव्हता. शेवटी जूनच्या मध्याला वेणूचाच फोन आला. एक विचारायचं होतं, म्हणाली. बरं बाई, नाय बाई असं बरंच घुटमळून तिनं सांगितलं, की खात्याची एक परीक्षा आहे, पास झाली तर पर्यवेक्षिका होता येईल. दोनदा अर्ज भरून ती बसलीच नव्हती. आहार आणि शरीराचा पेपर तिला जमत नाही. पुस्तकं आहेत, पण वाचलं की डोक्यावरून जातं.

ये रविवारी, बाई म्हणाल्या.

वेणू दुपारी तीनला आली, नवीन वही आणि दोन पेनं घेऊन. अवधूतरावांनी शेजाऱ्यांच्या मुलाची पाटी मागून आणून भिंतीला टेकवली होती. बाईंनी आदल्या रात्री तयारी केली होती. तीन वर्षांनी शिकवायचं म्हणून त्यांना हुरूप आला होता. त्यांनी पचनसंस्था घेतली. अन्ननलिका, जठर, यकृत, स्वादुपिंड, पाचकरस कुठला कुठे मिसळतो, प्रथिनांचं काय होतं, मेदाचं काय होतं. हात भराभर चालत होता, पाटी भरत होती. वेणू खाली मान घालून उतरवून घेत होती. बाई लहान आतड्याशी आल्या आणि समजलं का असं विचारून पुढे सरकल्या. तीस वर्षं त्या असंच विचारत आल्या होत्या आणि वर्ग "हो बाई" म्हणत आला होता.

"नाय," वेणू म्हणाली.

बाई वळल्या. वेणूचं पेन थांबलं होतं. तिच्या कानशिलावर घाम आला होता, पण तिनं मान वर केली होती.

"तुमी लय भरभर सांगता, बाई. मी नुसतं उतरवते. यकृताच्या पुढं मला कायपण नाय कळलं."

सुनीताबाईंनी हातातला खडू खाली ठेवला. मग त्यांनी फडकं घेऊन पाटी पुसली, सगळीच. स्वयंपाकघरातून पोळीचा एक तुकडा आणला, खुर्ची ओढून वेणूच्या शेजारी बसल्या आणि तो तिच्या हातात दिला.

"हा तोंडात घाल," त्या म्हणाल्या. "गिळू नकोस लगेच. चावत राहा, आणि चव कधी बदलते ते मला सांग."